हिरव्याच्या शेजारची रिकामी जागा

लातुरात क्लासवाल्यांना तोटा नाही, आणि हल्ली प्रत्येक क्लासवाल्याला आपल्या वेबसाइटवर चार्ट पाहिजे असतो. माझी रोजीरोटी त्यावरच चालते. मी एका लहानशा ऑफिसात वेबसाइट बनवते. ऑफिस म्हणजे वर पत्रे, खाली झेरॉक्सचं दुकान, आणि समोर दिवसभर ऑटोवाल्यांची भांडणं. दुपारी वारा फिरला की डाळमिलच्या भुसकटाचा वास खिडकीतून आत येतो, आणि मला भूक लागते.

चार्टमध्ये माझा सगळ्यात आवडता प्रकार म्हणजे गटागटाने उभे असलेले बार. समजा एका क्लासच्या दोन शाखा आहेत. मग फिजिक्सच्या दोन काड्या शेजारी-शेजारी, एक या शाखेची, एक त्या शाखेची. मध्ये थोडी मोकळी जागा सोडून केमिस्ट्रीच्या दोन. जावास्क्रिप्टची एक तयार लायब्ररी आहे, तिला आपण दोनच गोष्टी सांगायच्या: खाली नावं कोणती लिहायची, आणि प्रत्येक शाखेचे आकडे कोणते. उंची, जाडी, मधलं अंतर, सगळं ती स्वतः ठरवते. पहिल्यांदा हे जमलं त्या दिवशी मी काम सोडून दुपारभर नुसते आकडे बदलत बसले होते. एक आकडा वाढवला की शेजारणीचा आकडा तोच राहतो, पण सगळा चार्ट नव्याने मांडला जातो आणि शेजारीण एकदम बुटकी दिसायला लागते. तिनं काही केलेलं नसतं बिचारीनं. मला याची अजूनही गंमत वाटते.

एक सर तर मला म्हणाले होते, "म्याडम, आपली काडी लई बुटकी दिसून राहिली. जरा ओढा की वर."

"सर, आकडा आहे तेवढीच दिसणार."

"मग खालचा भाग कापून टाका. वरचाच दाखवा."

म्हणजे शून्यापासून सुरुवात न करता मधूनच सुरू करायचं, की जरासा फरकही डोंगराएवढा दिसतो. ही चलाखी शिकायला मला वर्ष गेलं होतं, सरांना ती आपोआप सुचली. मी नाही म्हटलं, ते दुसऱ्याकडे गेले.

तर मला चौकशीची खोड आहे. नात्यात सगळे म्हणतात की ही नाक खुपसल्याशिवाय जेवत नाही. घर म्हणजे अम्मी आणि मी. आम्ही पिढीजात बांगडीवाले. अम्मीचं लातुरात गंजगोलाईजवळ बांगड्यांचं दुकान आहे, आणि तिच्या थोरल्या बहिणीचं, म्हणजे माझ्या खालाचं, नांदेडात. माल दोघींचा एकत्रच येतो. तो आधी लातुरात उतरतो, अम्मी तो निवडते, डब्यांवर साइज लिहिते आणि खालाच्या वाट्याचे डबे एसटीच्या पार्सलने नांदेडला पाठवते. मला कळतंय तेव्हापासून हे असंच चाललंय. आमची घरातली बोली दखनी, पण गिऱ्हाइकांशी मराठी बोलून बोलून दोन्हींची खिचडी झालेली आहे. इथं ती मी मराठीतच मांडते.

दोन वर्षांपूर्वी खालू, म्हणजे खालाचे मालक, वारले. इद्दतचे चार महिने दहा दिवस खाला घराबाहेर पडली नाही. विधवेनं तसं घरात बसायचं असतं. दुकान बंद होतं. नंतर ते उघडलं, पण यंदा तिच्या मुलानं, माझ्या भाईजाननं, वेगळाच विषय काढला. तो एका दुकानाच्या कोपऱ्यात मोबाइल दुरुस्तीचं काम करतो आणि खालाच्या दुकानात संध्याकाळी कुलूप लावण्यापुरता येतो. त्याचं म्हणणं, बांगड्या आता बंद कराव्यात आणि त्या जागी मोबाइलची कव्हरं, चार्जर, काचा लावाव्यात.

फोन स्पीकरवर होता. भाईजान म्हणाला, "लग्नाचं गिऱ्हाईक येतच न्हाई. पलीकडच्या दुकानांत गर्दी आणि आपल्यात माशा. माझी अम्मी उगा बसून राहते तिथं."

मग खालानं फोन घेतला. आधी माझी विचारपूस केली, मग आवाज खाली आणून म्हणाली, "बेटा, तू क्लासवाल्यांना ते उभ्या काड्यांचं बनवून देती ना? तसं आपल्या दुकानाचं बनव. तुझ्या अम्मीचं आणि माझं शेजारी-शेजारी ठेव. त्याला दिसू दे की माझं दुकान जितं हाय. हे गेलं तर मी दिवसभर कुठं बसू, सांग."

भाईजानही कबूल झाला. चार्ट बघू, दुकान चालतंय असं दिसलं तर मी शब्द काढणार नाही, म्हणाला. तो वाईट माणूस नाही. आईला उन्हातान्हात दुकानात बसवून ठेवलंय असं लोक म्हणतात, ते त्याला टोचतं.

मी उत्साहाने कामाला लागले. मला तर क्लासच्या मार्कांपेक्षा हेच जास्त रंजक वाटत होतं. आम्ही मागच्या दिवाळीपासून कोणत्या प्रकारचे किती डबे रिकामे झाले ते धरायचं ठरवलं. अम्मी रिकामे डबे टाकत नाही, माळ्यावर रचून ठेवते, त्यामुळे तिचं सोपं होतं. खालानं तिचं व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवलं. एकेक प्रकार घ्यायची आणि मध्येच गिऱ्हाईक आलं की ते सगळं बोलणंही त्यात यायचं. "सोनेरीचे लिही... या ताई, बसा, पोरीला दाखवायच्या का... हां, सोनेरीचे लिही, आणि खड्याच्या..." मी ते ऐकत बसायचे. आमच्या दुकानात मुरुड-रेणापूरकडच्या बाया लग्नाचा बस्ता घेऊन येतात आणि निम्मा दिवस हिरव्यात जातो. खालाकडे गुरुद्वाऱ्याला आलेले यात्रेकरू लाल-पांढरा चुडा मागतात, देगलूरकडच्या बाया तेलुगूत भाव विचारतात आणि खाला तेलुगूतच नाही म्हणते. दोन बहिणी, एकच माल, आणि दुकानं किती वेगळी. हे सगळं काड्यांत कसं दिसेल याची मला फार उत्सुकता होती.

खाली प्रकारांची नावं लिहिली: हिरव्या, लाल, सोनेरी, खड्याच्या, लहान मुलींच्या, पंजाबी चुडा. लातूरला एक रंग, नांदेडला दुसरा. चार्ट उघडला आणि मी हसलेच. लहान मुलींच्या बांगड्यांत खाला अम्मीच्या पुढे! पंजाबी चुड्यात अम्मीची काडी करंगळीएवढी आणि खालाची उंच. सोनेरीत दोघी खांद्याला खांदा लावून. दुकान जितं होतं, हे तर आंधळ्यालाही दिसलं असतं.

फक्त पहिला गट विचित्र दिसत होता. हिरव्यांच्या वर दोनऐवजी एकच काडी होती. लातूरची. तीही बाकीच्यांपेक्षा जाड, आणि गटाच्या बरोब्बर मध्यभागी, ऐसपैस.

मला वाटलं कोडमध्ये चूक आहे. मग लक्षात आलं, हा मी क्लासच्या चार्टवरूनच उचललेला कोड. त्या क्लासच्या एका शाखेत बायोलॉजी शिकवतच नव्हते, म्हणून मी तिथं एक सेटिंग लावलं होतं. ज्याचा आकडा नाही त्याची जागाच ठेवायची नाही, शेजारच्यानं ती वापरून टाकायची. तेव्हा ते फार नीटनेटकं वाटलं होतं. मी ते सेटिंग काढलं. लातूरची काडी लगेच बारीक होऊन डावीकडे सरकली आणि तिच्या शेजारी नांदेडची रिकामी जागा उघडी पडली. दात पडल्यावर तोंडात दिसते तशी.

खालाच्या बोलण्यात हिरव्यांचा आकडाच नव्हता. मी सगळे व्हॉइस मेसेज पुन्हा ऐकले. लाल होत्या, खड्याच्या होत्या, हिरव्या नव्हत्या. बांगडीवालीनं हिरव्या विसराव्यात? आमच्याकडं लग्नाचा चुडा हिरवा, डोहाळजेवणाच्या हिरव्या, ओटी भरायची तर हिरव्या.

मी फोन लावला. "खाला, हिरव्या राहिल्या सांगायच्या."

ती म्हणाली, "तिथं काही लिहू नको."

"शून्य लिहू का?"

"शून्य लिहू नको!" ती एकदम चिडली. "काही लिहू नको म्हणलं ना. तसंच सोड." आणि फोन ठेवला.

आता मला स्वस्थ बसवेना. आकडा शून्य असणं आणि आकडा नसणं यात कोडमध्ये फरक असतो. लायब्ररी दोन्हींवर काहीच काढत नाही, बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. पण शून्य म्हणजे विकलं गेलं नाही, आणि आकडा नाही म्हणजे आपल्याला ठाऊक नाही. खालाला ठाऊक होतं आणि ती सांगत नव्हती. यासाठी मात्र लायब्ररीत काही सोय नाही.

अम्मीला विचारलं. अम्मी बांगड्या पुसत होती, पुसतच राहिली. मी म्हटलं, "तू तर दर पार्सलात तिला हिरव्या पाठवतेस. मी स्वतः डबे बांधलेत. ते जातात कुठं?"

"तू जा आणि तिलाच विचार," अम्मी म्हणाली. "तसंही पार्सल जायचंय. तूच घेऊन जा."

एका रविवारी मी डबे आणि लॅपटॉप घेऊन नांदेडच्या एसटीत बसले. अहमदपूर, लोहा, मध्ये उसाची वाहनं आणि खड्डे. डबे मांडीवर धरून धरून हात भरून आले. मनात एकच चालू होतं, हिरव्यांचं काय झालं? काय काय सुचलं मला! भाईजाननं दुसरीकडे विकल्या असतील, चोरी झाली असेल, उंदीर लागले असतील. बांगड्यांना उंदीर लागत नाहीत हे बांगडीवाल्याच्या पोरीला लोह्यापर्यंत सुचलं नाही.

खालाचं दुकान म्हणजे एक अरुंद गाळा, समोर काउंटर, गिऱ्हाइकाला एक स्टूल. भाईजान मुद्दाम आला होता. मी काउंटरवरच लॅपटॉप उघडला. त्यानं चार्ट नीट बघितला. लहान मुलींच्या बांगड्यांवर बोट ठेवून म्हणाला, "हे खरं हाय?"

"खालानं सांगितलेलं आणि मी लिहिलेलं," मी म्हटलं. "यात मी ओढून वर काहीच केलेलं नाही."

"मग लग्नाचं गिऱ्हाईक..." त्याचं बोट सरकत पहिल्या गटावर आलं आणि रिकाम्या जागेवर थांबलं. "ही जागा कशाची?"

मी वर बघितलं. माळ्यावर, मागच्या बाजूला, ओळीनं डबे रचलेले होते. डब्यांवर अम्मीचं अक्षर, त्या वाकड्या आकड्यांना मी कुठूनही ओळखते. स्टुलावर चढून एक काढला. त्याची दोरीसुद्धा सुटलेली नव्हती, ती मी सोडली. आत हिरव्या बांगड्या, कोऱ्या, कागदात गुंडाळलेल्या. मागचे सगळे डबे तसेच.

"अम्मी?" भाईजान आपल्या आईला म्हणाला.

खालानं पदर सारखा केला. मग म्हणाली, "इद्दत झाल्यावर दुकान उघडलं ना, त्याच आठवड्यात चुड्याला आले होते लोक. नवरी, तिची आई, आजी, सगळे. माझं जुनं गिऱ्हाईक. मी नवरीचा हात घेतला आणि आजीनं माझ्या हाताकडं बघितलं. माझ्या हातात बांगड्या नव्हत्या. ती काही बोलली न्हाई. नुसता पोरीचा हात माझ्या हातातून काढून घेतला, हळूच, आणि म्हणाली, बघू, परत येतो. काही वाईट बोलली असती तर मी भांडले असते. ती लई प्रेमानं बोलली."

"आले का परत?"

"कशाला येतील? मग दुसरं गिऱ्हाईक आलं, तर मीच म्हणाले, हिरव्या संपल्या. त्यांनी हात काढून घ्यायच्या आत म्हणाले. तेव्हापासून हिरव्या संपल्यात."

भाईजान खाली बघत होता. त्याला ठाऊकच नव्हतं. त्याला वाटत होतं नांदेडच्या बायांनी त्याच्या आईकडे पाठ फिरवली आहे, आणि पाठ फिरवायची वेळच ती कुणावर येऊ देत नव्हती. मला वाईट वाटलं, आणि रागही आला, पण तो कुणावर काढायचा ते कळेना. त्या आजीवर काढावा, तर तिचाही जीव नातीसाठीच तुटत असणार. त्या दुकानात चिडायला माणूसच सापडेना.

लॅपटॉप तसाच उघडा, हिरव्यांचा डबा काउंटरवर, आणि एवढ्यात दोघी जणी आल्या. आई आणि लेक, खेड्याकडच्या, हातात कापडाच्या पिशव्या. आई स्टुलावर टेकली आणि म्हणाली, "चाची, हिरव्या दाखवा बरं. लग्न हाय पोरीचं."

खालाच्या तोंडून आपसूकच निघालं, "हिरव्या संपल्या, ताई."

बाई डब्याकडे बघून हसली. "संपल्या कशाच्या? ह्या काय समोर हायेत की."

खालाचा चेहरा उतरला. आम्हा दोघांकडे तिनं एकदा बघितलं. मग सरळ सांगून टाकलं, "ताई, खोटं कशाला बोलू. माझा मालक गेलाय. लेकीचा चुडा हाय, दुसऱ्याच्या हातून भरा. पुढं चौकात दुकानं हायेत."

त्या बाईनं आपले दोन्ही हात काउंटरवर ठेवले. उजव्या हातात गोंदलेलं नाव होतं, डाव्यात एक काळा दोरा, बांगडी एकही नव्हती.

"माझाबी गेलाय की," ती म्हणाली. "मग काय लेकीच्या लग्नात मीबी मागच्या दारी बसू? हिला म्हणलं होतं मी, काकूला घेऊन जा चुड्याला. ही ऐकंना. म्हणली, आई तूच चल."

लेकीनं आईला उठवलं, स्वतः स्टुलावर बसली आणि हात पुढे केला.

खालानं लगेच तो हात घेतला नाही. आधी तिच्या आईकडे बघितलं. आईनं मान हलवली. मग खालानं मुलीचा अंगठा तळहाताकडे वळवला, अंगठ्याच्या मुळाशी दाबलं, आणि पहिली बांगडी अशी चढवली की मुलीला कळलंसुद्धा नाही. दुसरी चढवली. तिसरी. दुकानात नुसता काचेचा आवाज. खालाचे हात काही विसरले नव्हते. मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही.

चुडा भरून झाल्यावर मुलीनं वाकून खालाला नमस्कार केला, आणि तिच्या आईनं लगेच भावावरून घासाघीस सुरू केली. खालाही मागे हटली नाही. दोघी अगदी हिरिरीने भांडल्या, आणि जाताना ती बाई भाईजानला म्हणाली की जावेच्या पोरीचंही लग्न आहे, तिलाही इकडंच आणते.

त्या गेल्यावर खाला पाणी प्यायली. लॅपटॉपच्या समोर आली आणि त्या रिकाम्या जागेवर बोट टेकवून म्हणाली, "आता लिही."

"किती लिहू?"

"एक डबा फोडला. एक लिही."

मी लिहिलं. चार्ट पुन्हा मांडला गेला. हिरव्यांच्या गटात अम्मीची काडी पार वरपर्यंत गेलेली, आणि शेजारी, जिथं काहीच नव्हतं तिथं, तळाशी एक रेघ उमटली. बांगडीच्या कडेएवढी बारीक. लायब्ररीत सोय आहे, आकडा फार लहान असला तर काडी अमुक एवढी तरी उंच दाखव असं सांगता येतं. माझा हात त्याकडे गेला होता.

"मोठी करू नको," खाला म्हणाली. तिला कसं कळलं कोण जाणे. "तुझ्या अम्मीला फोटो पाठव याचा."

मी पाठवला. अम्मीचा लगेच फोन आला. मी आधी तेच विचारलं जे मला माळ्यावरचे डबे बघितल्यापासून विचारायचं होतं. "तुला ठाऊक होतं ना? मग इतके दिवस हिरव्या पाठवत का राहिलीस?"

"पाठवल्या नसत्या," अम्मी म्हणाली, "तर तिला कळलं असतं की मला कळलंय."

भाईजान अजून चार्टकडे बघत होता. डोळे बारीक करून, स्क्रीनला नाक लावून. "दिसत पण न्हाई नीट," तो म्हणाला.

"मला दिसून राहिली," खाला म्हणाली. "तू तो स्टूल घे आणि वरचे डबे खाली काढ. आधी दोन-सहा साइजचे काढ, तेच लई लागतात."

तो स्टुलावर चढला आणि एकेक डबा खाली द्यायला लागला.